म्हशीगत पोरगी

"आमची पोरगी अगदी म्हशीगत हाय बघा," आत्ती म्हणाली, आणि पुण्याहून आलेल्या नीलाबाईंच्या हातातली चकली तोंडाजवळच थांबली.

मी समोर चटईवर मान खाली घालून बसले होते. दिवाळीचा पाडवा होता, सकाळची वेळ. नीलाबाई आपल्या मुलाला, चिदानंदला, घेऊन मला बघायला आल्या होत्या. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हे स्थळ तिनंच आणलेलं. नीलाबाई गप्प झाल्या, तेव्हा त्यांना नीट ऐकू गेलं नसावं असं तिला वाटलं. ती आणखी सरसावून बसली.

"खोटं न्हाई सांगत. एकदा जीव लावला की लावला. परक्यानं हात लावला तर दूध चोरंल, पर आपल्या माणसासाठनं कवा आटायची न्हाई. ऊन असू दे, पाऊस असू दे, कुरकुर म्हणून न्हाई. आन् रंग बघा की! कसा आत्ता पाण्यातनं वर आल्यागत चमकतोय."

"अहो आत्याबाई," नीलाबाई म्हणाल्या, "मुलगी दाखवताय की बाजारात जनावर उभं केलंय? मुलगी गायीसारखी आहे, असं म्हणतात माणसं."

"गाय?" आत्ती खरोखरच गोंधळली. "गाय काय हो, कुणी बी पेंडीचा हात दावला की त्याच्या मागनं जाती."

चिदानंदनं घाईघाईनं रुमाल तोंडाला लावला. त्याचे खांदे हलत होते. मी हळूच वर पाहिलं, त्यानंही त्याच वेळी पाहिलं, आणि मला हसू दाबताना ठसका लागला.

आमचं घर कोल्हापुरात गंगावेशीजवळ. आम्ही पिढीजात गवळी. पुढच्या अंगाला राहतं घर, मागं गोठा, आणि पहाट झाली की म्हशी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. आमच्या घरात कुणाला चांगलं म्हणायचं तर म्हशीची उपमा असायची. आई माझे केस विंचरताना म्हणायची, "कसं दाट हाय, म्हशीच्या शेपटागत." आबा, म्हणजे माझे वडील, एखाद्या माणसावर खूश झाले की म्हणायचे, "म्हशीच्या काळजाचा हाय." त्यामुळं शाळेत पहिल्यांदा एका मुलीनं मला "म्हैस" म्हटलं तेव्हा मी फुशारून घरी आले आणि आईला सांगितलं. आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या दिवशी मला जेवताना दह्याची वाटी जास्त दिली. ती शिवी होती, हे मला कळायला पुढं बरेच दिवस गेले.

जवळच्या तालमीत हरियाणाकडचा एक पैलवान येऊन राहिला होता. रामफळ त्याचं नाव. पहाटे कट्ट्यावर येऊन मोठा लोटा भरून धारोष्ण दूध प्यायचा आणि मिशा पुसत आमच्या मोगरीकडं बघत राहायचा. मोगरी आमची सगळ्यांत देखणी म्हैस, शिंगं वळसा घेतलेली. रामफळ म्हणायचा, "ताऊ, हमारे यहाँ इसको बहू बोलते हैं. बहू घर में आई तो घर भर गया." आबा विचारायचे, "आन् सुनंला काय म्हणता मग?" तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "डर के मारे कुछ नहीं बोलते."

नीलाबाईंचं घरही मूळचं गवळ्यांचंच. पण त्यांच्या सासऱ्यांनी जनावरं सोडली, पुण्यात घर केलं. चिदानंद सरकारी दूध योजनेत नोकरीला होता, आणि दूध बाटलीतून घरी यायचं. गोठ्याचा वास त्या घराला राहिला नव्हता आणि तो पुन्हा यायला नको होता. म्हणून तर पाडवा हा चांगला मुहूर्त एवढंच त्यांनी पाहिलं. त्या दिवशी कोल्हापूरच्या गवळ्यांच्या घरी दुसरं काय असतं, हे त्या साफ विसरल्या होत्या.

आत्ती हुशार. वातावरण बिघडतंय असं दिसताच तिनं चिदानंदला गोठा दाखवायला माझ्याबरोबर धाडलं. स्वतः दारात तांदूळ निवडत बसली, म्हणजे रीतही सांभाळली आणि कानही.

"तुमच्या आत्यांनी माझ्या आईला आज गप्प केलं," तो गोठ्यात शिरताना म्हणाला. "हे सहसा होत नाही."

"तिला तसं म्हणायचं नव्हतं," मी म्हणाले. "आमच्यात म्हशीगत म्हणजे लई मोठं."

"मला कळलं ते. माझंही असंच झालं होतं एकदा." तो गव्हाणीला टेकला. पुण्याची इस्त्रीची पँट गव्हाणीला लागतेय याचं त्याला भान नव्हतं. "मला खात्यानं शिकायला न्यूझीलंडला पाठवलं होतं. तिथं मिसेस डॉबसन म्हणून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहायचो. मला ताप आला. बाई रात्रंदिवस उशाशी. सूप करून चमच्यानं पाजायच्या. मला भरून आलं. म्हटलं, आता यांचे आभार मनापासून मानायचे. म्हणालो, यू आर लाइक अ काऊ."

"मग?"

"सूप उचलून घेऊन गेल्या."

मी तोंडाला पदर लावला.

"तिकडं बाईला गाय म्हणणं म्हणजे फार वाईट. मला काय माहीत! दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आमच्याकडं गायीला हळदकुंकू लावतात, आई म्हणतात. कागदावर गाय काढून दाखवली, कपाळावर कुंकवासकट. संध्याकाळ गेली समजावण्यात. मग त्या हसल्या. ते चित्र त्यांनी भिंतीवर लावलं."

"बघा," मी म्हणाले. "मग आमच्या आत्तीला हसायचं न्हाई."

"पुढचं तर ऐका. माझी परीक्षा होती, तर त्यांनी मला चिनी मातीचं घुबड दिलं. शुभ म्हणून! तिकडं घुबड म्हणजे शहाणा पक्षी. मी ते बुटाच्या खोक्यात घालून खाटेखाली सारलं. रोज अभ्यासाला बसलो की वाटायचं, ते खालून बघतंय."

"पास झाला?"

"पहिला आलो."

"मग घुबडच खरं म्हणायचं."

तो मोकळेपणानं हसला. मोगरीनं मान वळवून त्याच्या हाताचा वास घेतला, आणि त्यानं हात मागं घेतला नाही. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. पुण्याला जायचं, या माणसाबरोबर राहायचं, हे त्या घटकेला मला हवंहवंसं वाटलं.

आम्ही परत पुढच्या सोप्यात आलो तेव्हा लांबून हलगी वाजायला लागली होती. मोगरीनं आवाज ओळखला असावा, ती गोठ्यातून एकदा ओरडली.

"हे काय वाजतंय?" नीलाबाईंनी विचारलं.

आबा खाटेवर बसले होते. आठवड्यापूर्वी गोठ्यात घसरून त्यांचा घोटा मुरगळला होता. पायाला पट्टी होती. "सगर हाय न्हवं आज," ते म्हणाले. "विसरला व्हय वहिनी तुम्ही?"

पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून रस्त्यातून पळवतात, त्याला सगर म्हणतात. अंगावर नक्षी कातरायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसं. पुढं मालक पळतो, मागून म्हैस. दोरी धरायची नाही, काठी लावायची नाही. नुसत्या मालकाच्या हाळीवर तिनं गर्दीतून नदीच्या घाटापर्यंत यायचं. पाडव्याला ज्या घरची म्हैस दावणीला राहिली, त्या घरची हाळी संपली असं आमची माणसं धरत. मला भाऊ नव्हता. मोगरी दोनच हाळ्या ओळखायची, आबांची आणि माझी. बाईनं सगरात पळायची रीत नव्हती. बायकांनी ओवाळायचं आणि बाजूला व्हायचं. पण त्या पहाटे आबांनीच समाजातल्या चार म्हाताऱ्यांना घरी बोलावून सांगितलं होतं, की यंदा माझी पोरगी पळंल. त्यांनी बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी हो म्हटलं.

"यंदा मोगरीला आमची हौसा पळवणार हाय," आबा नीलाबाईंना म्हणाले. त्यांना वाटत होतं, ऐकून पाहुण्यांना कौतुक वाटेल.

नीलाबाईंनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं आणि त्या आबांकडं वळल्या.

"बाळाप्पा, स्पष्टच बोलते. मुलगी मला पसंत आहे. घर चांगलं आहे. आत्याबाई काय बोलल्या ते मी मनावर घेतलेलं नाही. पण ही आज रस्त्यावर म्हशीपुढं धावणार असेल, तर आम्ही संध्याकाळच्या गाडीनं जातो, ते पुन्हा येणार नाही. उद्या माझ्या सुनेला कुणी म्हैस म्हटलं तर मला चालायचं नाही. आमच्या घरात मुलगी गायीसारखी राहील."

"न्हाई पळणार हो!" आई आतून बाहेर आली. "आमी काय एवढं धरून बसलोय? ह्यांचा घोटा दुखतोय म्हणून सांगू लोकांस्नी."

"म्हस ऱ्हाऊ दे एक वरीस दावणीला," आत्ती म्हणाली. "हौसा, आत जा. पातळ बदलू नगंस."

मी उठले नाही. मी चिदानंदकडं बघितलं. आत्तीनंही बघितलं. "पाव्हणं, तुमी तरी बोला की. मगाशी गोठ्यात एवढं बोलत हुता."

तो मनगटावरचं घड्याळ सारखं फिरवत होता. "आई म्हणते तर… आजच्या दिवसापुरतं…" एवढंच म्हणाला, आणि पुढं बोलायचं राहूनच गेलं.

मी आबांकडं वळले. आबांनी आपल्या पट्टीच्या पायाकडं पाहिलं.

"मला काय इचारू नगंस," ते म्हणाले. "मला पळता येत न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आर्जवही नव्हतं. मी आत गेले. आईचं जुनं नऊवारी लुगडं काढलं, कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला. आत्ती दारात आडवी उभी राहिली.

"बया, असं स्थळ पुन्यांदा येणार न्हाई. ऐक माझं. एकदा नांदाय गेलीस की कोण इचारतंय, म्हस का गाय?"

"तूच मगाशी सांगितलंस की, मी कशी हाय ते."

"मी तुला चांगलं म्हणत हुते गं!"

"मला बी चांगलंच वाटलं," मी म्हणाले, आणि तिच्या खांद्याला हळूच बाजूला करून गोठ्यात गेले.

मोगरीला सकाळीच सजवलं होतं. दावं सोडलं आणि तिच्या कानाशी वाकून एकदा हाळी दिली. आमच्या गल्लीतून बाहेर पडलो तेव्हा बायकांनी ओवाळलं, पण ओवाळताना एकमेकींकडं बघत होत्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं. भिंतींवर, ओट्यांवर, सायकली आडव्या लावून त्यांच्यावर उभी. पुढं एक म्हैस गेली होती, तिचा मालक फेटा सावरत पळत होता, लोक शिट्ट्या मारत होते. मग मी दिसले, आणि शिट्ट्या थांबल्या.

मी पळायला लागले. पायात काही नव्हतं. मागं मोगरीच्या पायांतल्या घुंगरांचा आवाज येत होता, तो ऐकू येतोय तोवर मागं बघायचं नाही, असं आबांनी शिकवलं होतं. अर्धा रस्ता बरा गेला. तालमीच्या कोपऱ्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ फेकली.

घुंगरं थांबली.

मी वळले. मोगरी रस्त्याच्या मधोमध उभी होती, मान वर, डोळे पांढरे. पुढचे पाय उचलून ती बाजूला सरकली आणि माणसं ओरडत मागं झाली. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपाशी नीलाबाई उभ्या होत्या, चिदानंद त्यांच्या मागं. बघायला आल्या होत्या, की मी खरंच पळतेय का. आणि गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं,

"आरं, ह्यातली म्हस कंची म्हणायची? फुडची का मागची?"

सगळा कोपरा हसला. शाळेपासून ऐकत आले होते तेच हसू. नीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त मुलाकडं पाहिलं, बघ म्हणून.

बाईमाणसानं रस्त्यावर आवाज चढवायचा नाही, असं आमच्या घरातही होतं. हाळी द्यायची ती गोठ्यात, नाहीतर कट्ट्यावर अंधारात. मी छातीत हवा भरली आणि दिली. आवाज फाटला. मोगरीचा कान हलला, पण ती जागची हलली नाही. माणसं आणखी हसली.

तेव्हा मी त्या टपरीकडं तोंड करून उभी राहिले.

"दोनी बी म्हशीच हायती!" मी ओरडले. "मी बी म्हस हाय. मला म्हशीच्या घरात जन्म दिलाय, म्हशीच्या दुधावर वाढवलंय. हसायचं तेवढं हसून घ्या, आन् वाट सोडा!"

हसू थांबलं. मग तालमीच्या पायरीवरून रामफळचा आवाज आला, ढोलासारखा. "हटो, हटो! बहू आ रही है!" तो आणि दोन-तीन पैलवान लोकांना हातांनी मागं सारू लागले. हसू परत आलं, पण या वेळी ते वेगळं होतं.

मी दुसरी हाळी दिली. लांब, पोटातून, शेवटाला वर चढवत नेलेली. मोगरीनं डोळे माझ्याकडं वळवले. मग मान खाली घालून ती चालत, आणि चालता चालता पळत माझ्याकडं आली. रंगवलेल्या शिंगांनी तिनं माझ्या खांद्याला ढुशी दिली. मी वळले आणि पळाले. मागं घुंगरं, आणि दोन्ही बाजूंना माणसांचा गलका. घाट येईपर्यंत मी एकदाही थांबले नाही.

घाटावर मोगरीला पाणी दाखवत होते तेव्हा चिदानंद आला. एकटाच. धापा टाकत.

"फार सुंदर पळवलीत," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे दिसत होतं.

"आईंना सांगितलं का तसं?"

तो खाली नदीकडं बघत राहिला. "तिला एकदम सांगून कळायचं नाही. आधी लग्न होऊ दे. मग पुण्याला गेल्यावर मी तिला हळूहळू समजावीन. तोवर तुम्ही फक्त… माफी असं नाही, पण जरा मऊ बोललात तर ती ऐकेल."

"त्या परदेशातल्या म्हातारीला समजवायला तुम्ही संध्याकाळ घालवली," मी म्हणाले. "भाषा येत नव्हती तरी. आईची भाषा तर येती की तुम्हाला."

"ते वेगळं होतं, हौसा."

त्यानं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. अजूनही कधी कधी ती हाक मला ऐकू येते. पुढं माझं लग्न झालं, चांगला माणूस मिळाला, नातवंडं झाली, तरीसुद्धा. तो वाईट नव्हता. जगात कुठं कुठल्या जनावराला काय म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. आपल्या सोप्यात, आपल्या आईसमोर मात्र त्याला तोंड उघडता येत नव्हतं, आणि मला जन्मभर त्या सोप्यात बसायचं होतं.

"पुण्याला जाऊन विचार करून कळवतो म्हणू नका," मी म्हणाले. "नकार कायम मुलाकडनंच येतो. आज तो माझा हाय. आईंना सांगा, पोरगीनं न्हाई म्हटलं."

"असं मुलीकडचे सांगत नसतात."

"म्हणून तर सांगतेय."

 त्यानं मोगरीच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो पायऱ्या चढून निघून गेला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मोगरी पाणी पीत होती, आणि ती मान वर काढेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला रडू आलं असेल, तर ते तिनंच पाहिलं.

घरी आले तेव्हा पाहुण्यांच्या पिशव्या गेल्या होत्या. आई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली होती. स्वयंपाकघरात आत्ती भांडी आपटत होती, एकेक भांडं उचलून परत आपटत होती. आबा खाटेवर तसेच बसले होते. मी मोगरीला दावणीला बांधून आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. काय विचारतील, त्याची उत्तरं मी वाटेत जुळवली होती.

"कुठं दचकली का?" आबांनी विचारलं.

"तालमीच्या कोपऱ्यावर. फटाका वाजला."

"मग?"

"हाळी दिली. आली."

"एका हाळीत?"

"दोन लागल्या."

आबांनी विचार केला. "गर्दीत दोन चालत्यात," ते म्हणाले. मग मान मागं वळवून स्वयंपाकघराकडं ओरडले, "आक्का, हौसाला च्या दे. घसा बसलाय तिचा."

भांड्यांचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं आत्ती बाहेर आली, माझ्याकडं न बघता कप माझ्यासमोर आदळला आणि आत गेली. चहा थोडा सांडला. उरलेल्या चहावर तिनं बोटभर जाड साय घातली होती.